किल्केनीला दोघांनी जायचं होतं

चूक माझी होती आणि ती मी चहा पिता पिता, अगदी सहज केली. फोनवर डब्लिनहून जावई विचारत होते, "बाबा, किल्केनीच्या गाडीची दोन तिकिटं काढून ठेवू ना?" आणि मी म्हणालो, "दोन नकोत, एकच काढा. हिला त्यातलं काय कळणार? ही बाळाजवळ घरीच बरी."

बायको तेव्हा आत ओट्याशी होती. आमच्या घरात आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक पडदा आहे, तोही बहुधा बाजूला सारलेलाच असतो. तिने ऐकलं. हे मला त्याच क्षणी कळलं, कारण लाटण्याचा आवाज मध्येच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला, थोडा हळू.

एवढंच घडलं. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. पण त्या एका वाक्याने मी काय मोडलं ते सांगायचं तर त्याआधीचे आमचे दोन महिने सांगायला हवेत. ते महिने मी अजूनही डोळे मिटले की बघतो.

लेकीला दिवस गेले तेव्हाच ठरलं होतं की ती इकडे येऊ शकणार नाही, म्हणून आईने तिकडे जायचं. पहिलं बाळंतपण आईच्या हातचं, हा आमच्याकडचा रिवाज, मग आई भिवंडीत असो आणि लेक आयर्लंडमध्ये. मी बरोबर जाणार तो सोबत म्हणून. बाळंतपणाला जाणाऱ्या बाईच्या डिंकाच्या आणि सुंठीच्या पिशव्या कुणीतरी उचलायला हव्यात, तितकीच माझी गरज. लेकच म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन महिने इथे खिडकीत बसून काय करणार? बाळ जरा मोठं झालं की एखाद्या शनिवारी तुम्ही दोघं किल्केनीला जाऊन या. सकाळी गाडीने जायचं, संध्याकाळी परत. जुनं गाव आहे, नदीकाठी किल्ला आहे. आई खूश होईल." त्या दिवशी जावई घरी थांबणार होते. म्हणजे बाळाची काळजी हे कारण मला पुढे कधीच देता येणार नव्हतं. तरी ते मी दिलं.

मी दापोड्याला एका गोदामाच्या ऑफिसात काम करतो. दिवसभर आमच्या दारातून खोकी निघतात आणि त्यांच्यावर गावांची नावं असतात. गुवाहाटी, कोची, जम्मू. इतकी वर्षं मी ती नावं वाचली आणि बाजूला सारली. आम्ही दोघं लग्नानंतर फिरायला म्हणून गेलो असू ते अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर, तेही तिच्या माहेरून परत येताना, कारण तिचं गाव तिथून जवळच. त्यामुळे लेकीने किल्केनी हा शब्द उच्चारला तेव्हा मला आधी एक खोकंच दिसलं, आणि मग हळूहळू त्याच्यावरचं गाव.

संध्याकाळी ड्युटीवरून आलो की चहा व्हायचा आणि मी लेकीने मागच्या खेपेला आणलेला टॅब घेऊन बसायचो. नकाशावर बोट ठेवलं की तिथल्या रस्त्याचा फोटो उघडतो आणि बोटाने पुढे पुढे सरकता येतं, जणू आपण चालतोच आहोत. बायको कणीक मळत समोर बसायची. तिचे हात परातीत असायचे म्हणून चालायचं काम माझं, आणि विचारायचं काम तिचं.

"स्टेशनातून बाहेर पडलं की कुठे?"

"खाली उतरायचं. मग नदीवरचा पूल येतो."

"पुलावर थांबा जरा. पाणी बघू दे."

मी थांबायचो. फोटोतली नदी हलत नाही, पण ती इतका वेळ बघायची की मलाही ती वाहते आहे असं वाटायला लागायचं. पुलापलीकडे डावीकडे किल्ला. राखाडी दगडाचा, गोल बुरुजांचा, आणि त्याच्यासमोर एवढं मोठं हिरवं गवत की ती म्हणायची, "इथे कुणी गुरं कशी सोडत नाही?"

आमचं घर निजामपुऱ्याच्या कडेला, दुसऱ्या मजल्यावर. मागच्या गल्लीत कापड विणायचे लूम चालतात. ज्यांना सवय नाही त्यांना तो खटखटाट सहन होत नाही, आम्हाला तो ऐकूच येत नाही. पण त्या दिवसांत तो पुन्हा ऐकू यायला लागला. एकदा ती म्हणाली, "अहो, डोळे मिटा. गाडीत बसल्यासारखं वाटतं की नाही?" मी मिटले. फरशीतून बारीक थरथर पायाला लागत होती, भांड्यांच्या फळीवर एक ताटली किणकिणत होती, आणि खरंच, आम्ही कुठेतरी चाललो होतो. मग लाइट गेली. सगळ्या गल्लीतले लूम एकदम थांबले. अंधारात तिचा आवाज आला, "गाडी थांबली. कुठलं स्टेशन आलं?"

"किल्डेर," मी म्हणालो. वेळापत्रकात वाचलं होतं.

"चहावाला दिसतोय का बघा."

त्यानंतर तो आमचा खेळच झाला. लाइट गेली की स्टेशन यायचं. कधी अथाय, कधी कार्लो. शुक्रवारी लूमना सुट्टी, म्हणून शुक्रवारी आमची गाडी धावत नसे. ती म्हणायची, "आज मेगाब्लॉक." गंमत अशी की एवढे दिवस प्रवास करूनही आम्ही किल्केनीला पोचलो नव्हतो. पोचायची घाई कुणालाच नव्हती.

तिने बाकी सगळं ठरवून टाकलं होतं. जाताना डाव्या खिडकीत बसायचं, कारण सकाळचं ऊन त्या बाजूला येईल आणि तिथे उन्हाची किंमत असते. बरोबर दशम्या आणि लसणाची चटणी. दुधात मळलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, आणि तिथलं खाणं परवडलं तरी पोट भरत नाही, असं लेकच सांगते. तिथल्या जुन्या चर्चशेजारी एक उंच गोल मनोरा आहे, आतून लाकडी शिड्यांनी वर चढायचं. मी म्हटलं, "तू खाली बाकावर बस, मी वरून फोटो काढतो." ती माहेरच्या बोलीत उसळली, "मी न्हाय बसनार खाली! तुमीच धापा टाकाल, मग तुमाला मागून ढकलीन."

पण तिचा जीव खरा अडकला होता एका गल्लीत. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर उतरणारी ती एक बोळ आहे, कमानीखालून जाणारी, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं इतकी अरुंद. पूर्वी तिथे लोणी विकणारे बसत. दगडाची गल्ली सावलीत थंड राहते, लोणी वितळत नाही, म्हणून. हे मी वाचून दाखवलं तेव्हा तिचे हात परातीत थांबले. लहानपणी तिची आई तिला केळीच्या पानात लोण्याचा गोळा बांधून वज्रेश्वरीच्या बाजारात पाठवायची. वाटेत ती पान सारखं एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायची, झाडाखाली थांबायची, फुंकर घालायची, तरी पोचेपर्यंत लोणी वितळून कोपरापर्यंत ओघळलेलं असायचं. "आणि त्या लोकांनी बघा," ती म्हणाली, "लोण्यासाठी आख्खी गल्ली थंड बांधली." मग जरा वेळाने, "मला तिथे नुसतं उभं राहायचंय. फोटो नको."

मी हो म्हटलं होतं. हे मी विसरलो नव्हतो.

मग एका रविवारी माझी धाकटी बहीण कल्याणहून आली. ती बोलायला लागली की घर हसतं, आणि कुणाला तरी टोचतं.

"काय वहिनी, मजा आहे बाई तुमची! परदेश!"

"कसली मजा, वन्सं. बाळंतपणाला चाललेय."

"आणि मधेच गाडीतून फिरायला जाणार आहात, ते? दादाने सांगितलं मला. काय नेणार बरोबर, दशम्या?" बहीण टाळी देऊन हसली. "अहो, त्या गोऱ्यांच्या डब्यात तुम्ही लसणीची चटणी उघडलीत तर लोक साखळी ओढतील! आणि दादा, वहिनी समोरच्या मडमेला विचारणार, मुलं किती तुम्हाला? सून बघते का नीट?"

"विचारीन की," बायको म्हणाली. "विचारलं तर काय होतं?"

"मडम उतरून जाईल, दुसरं काय!"

बायकोही हसली. सगळ्यांत जास्त मी हसलो. इथून पुढचं सांगताना मला अजून जड जातं. ते दृश्य मी याआधी कितीतरी वेळा पाहिलं होतं: डब्याचं झाकण उघडतंय, चटणीचा वास पसरतोय, ती समोरच्या बाईकडे दशमीचा तुकडा धरून हातवारे करतेय. लूमच्या आवाजात, मिटल्या डोळ्यांनी पाहताना ते मला गोड वाटायचं. त्या रात्रीपासून तेच दृश्य आलं की माझे कान गरम व्हायला लागले. डब्यातली माणसं मान वर करून बघतायत आणि मी खिडकीबाहेर बघण्याचं सोंग करतोय. हळूहळू मी मनात वेगळी सहल आखायला लागलो. त्यात मी एकटा होतो. गळ्यात मफलर, खिशात हात, नदीच्या पुलावर उभा, कुणाला कसलंही उत्तर द्यायचं नाही. कुणी विचारलं तर थोडं इंग्रजी बोलणारा, शांत, सभ्य माणूस. तिला मी मधल्याच कुठल्यातरी स्टेशनावर उतरवून टाकलं होतं. आणि तिला ते माहीत नव्हतं. ती त्या आठवड्यातही रोज विचारत होती, पुलापासून चर्च किती लांब, वाटेत बसायला बाक आहे का.

त्यानंतर जावयांचा तो फोन आला.

त्या संध्याकाळी तिने मला नेहमीसारखं जेवायला वाढलं. मी टॅब उघडला नाही. दुसऱ्या दिवशी उघडला, मोठ्याने म्हटलंही, "चल, आज किल्ल्याच्या आत जाऊ." ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला अळीव निवडायचेत." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

दोन दिवसांनी लाइट गेली. लूम थांबले. त्या अचानक शांततेत मी वाट पाहिली. शेवटी मीच विचारलं, "कुठलं स्टेशन आलं?"

"लाइट गेलीय," ती म्हणाली, आणि मेणबत्ती शोधायला उठली.

ती शेजारणींना सांगायला लागली, "हे एक दिवस गाव बघायला जाणार आहेत. मी काय, बाळाशी खेळेन." इतक्या साधेपणाने सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, पहिल्यापासून असंच ठरलं होतं. निजामपुऱ्याच्या बाजारात आम्ही खारीक आणि डिंक घ्यायला गेलो तेव्हा तिथला मुसलमान दुकानदार, जो आम्हाला लेकीच्या जन्मापासून ओळखतो, म्हणाला, "भाभी, वहां जाके थोडा घूमना भी. सिर्फ चूल्हा मत संभालना." ती म्हणाली, "नहीं भैया, घूमेंगे ये. मेरेको डिंक अच्छावाला दो." मी पिशवी धरून बाजूला उभा होतो. पिशवी जड नव्हती, तरी मी ती या हातातून त्या हातात घेत राहिलो.

एका शुक्रवारी ती देवळात गेली होती. गल्ली गप्प होती. मी एकटाच टॅब घेऊन बसलो. म्हटलं, सुटलो, आता आपल्या मनाने फिरू. स्टेशनातून निघालो, उतरलो, पुलावर आलो. नदीचा फोटो होता. नुसता फोटो. मी बोटाने पुढे सरकलो, किल्ला आला, गवत आलं, चर्चचा मनोरा आला. दुकानांच्या पाट्या, थांबलेल्या गाड्या, चेहरे पुसलेली माणसं. त्या गल्लीत शिरलो तर ओल्या भिंती आणि एक कचऱ्याचा डबा. मला कळेना, इथे इतके दिवस आम्ही काय बघत होतो? त्या गावात पाणी वाहायचं, ऊन पडायचं, लोण्याचा वास यायचा, ते सगळं ती कणीक मळता मळता घालत होती. मी फक्त बोट सरकवत होतो. मफलरवाला तो सभ्य माणूस पुलावर उभा राहिला असता आणि थोड्या वेळाने त्याला थंडी वाजली असती, बास.

तरीही मी गप्प राहिलो. माफी मागायची म्हणजे आधी सांगावं लागणार की मी तसं का म्हणालो, आणि ते सांगायची माझी हिंमत नव्हती. मी ठरवत होतो की तिथे गेल्यावर हळूच जावयांना दुसरं तिकीट काढायला सांगू, म्हणजे काही न बोलता सगळं जागच्या जागी येईल.

ते तसं झालं नाही, कारण लेकीने विचारलं. व्हिडिओ कॉल होता. मी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होतो, बायको आत फोन धरून बसली होती. आधी त्यांचं नेहमीचं चाललं होतं.

"आई, धुरी-बिरी काही नाही हं इथे. घरात अलार्म वाजतो, बंब येतो."

"मग बाळाला शेक कसा देणार?"

"हीटर आहे."

"हीटरने काय शेकतात गं? पापड भाजायचाय का?"

लेक हसली आणि मग म्हणाली, "बरं आई, बाबा एकच तिकीट का म्हणाले? तू इतकी बोलत होतीस त्या लोण्याच्या गल्लीबद्दल. बाबा काही बोलले का तुला?"

मी टॉवेल धरून तसाच उभा राहिलो. मला वाटलं, आता ती सांगेल. तिने सांगावं असं मला वाटत होतं. तिने लेकीसमोर माझी लाज काढली असती तर माझं ओझं निम्मं झालं असतं.

"छे गं," बायको म्हणाली. "मीच म्हटलं त्यांना. माझे गुडघे दुखतात आताशा. तिथे चढ, शिड्या, कशाला उगाच? त्यांना जाऊ दे मोकळेपणाने. इतकी वर्षं त्या गोदामात बसलेत, त्यांना कुठे कधी जायला मिळालंय?"

तिचे गुडघे दुखत नाहीत. ती रोज पाण्याचा हंडा घेऊन जिना चढते. तिने माझं वाक्य उचललं आणि स्वतःच्या गुडघ्यात घातलं, आणि तेही मला लेकीपुढे मान खाली घालावी लागू नये म्हणून. मी आत आलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच खूण केली, गप्प राहा. मी गप्प राहिलो असतो तर तेच खरं झालं असतं. लेक आयुष्यभर म्हणत राहिली असती, आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती किल्केनीला गेली नाही. आणि तिचे गुडघे हळूहळू खरंच दुखायला लागले असते. अशी खोटी दुखणी आमच्या घरातल्या बायकांनी पूर्वीही स्वतःवर घेतलेली मी पाहिली आहेत.

मी लेकीला म्हटलं, "जावईबापू आहेत का? बोलाव त्यांना."

"आहेत ना. का हो बाबा?"

बायको हळू आवाजात म्हणाली, "अहो, कशाला? जेवत असतील ते."

जावई हात पुसत कॅमेऱ्यासमोर आले. सासऱ्याने जावयासमोर कसं बोलावं याची आमच्याकडे एक पद्धत असते, थोडं वरून, थोडं चेष्टेत, आणि स्वतःची चूक तर कधीच नाही. माझ्या वडिलांना मी चूक कबूल करताना कधी पाहिलं नव्हतं. पण ते वाक्य मी यांच्यासमोर बोललो होतो, तेव्हा परतही यांच्यासमोरच घ्यायला हवं होतं. मी टॉवेलची घडी घालत होतो, पुन्हा उलगडत होतो.

"मागे मी तुम्हाला म्हणालो ना, हिला त्यातलं काय कळणार म्हणून," मी म्हणालो, "ते खोटं होतं. ते गाव मला हिने दाखवलंय. हिचे गुडघे दुखत नाहीत. मला वाचवायला ही खोटं बोलतेय."

"अहो, पुरे," बायको म्हणाली.

"बोलू दे मला. पुन्हा जमणार नाही." मी तिच्याकडे वळलो. "मला लाज वाटली होती. गाडीत तू डबा उघडशील, कुणाशी बोलशील, लोक बघतील, म्हणून. तुला बरोबर नेण्याची लाज. त्यासाठी मी तुला बाळाजवळ बसवलं आणि ते तुझ्याच भल्याचं आहे असं दाखवलं. तू ऐकलंस हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी इतके दिवस काही बोललो नाही. तू यायचं की नाही ते आता तूच ठरव, मी पुन्हा तुझ्या वतीने कुणाला काही सांगणार नाही. चुकलो मी. मला माफ कर."